पुतळीताईने रांधलेला जिताडा

आमच्या गावाला चारी बाजूंनी खारं पाणी. गडबवरून खाडीकडे वळलं की आधी भातशेती लागते, मग बांध, मग जुनी मिठागरं आणि मग नुसता चिखल. गोडं पाणी म्हणजे एक तळं. नळ आले तरी गुरं तिथेच पाणी पितात, गोधड्या तिथेच धुतल्या जातात, आणि बाजारात मासळी महागली की माणसं गळ घेऊन तिथेच बसतात. या तळ्यापायी माझी मोठी जाऊ पुतळीताई आणि तिची मैत्रीण चंद्रावती यांचं जे झालं, ते मी शेजारी राहून पाहिलंय.

दोघींचं माहेर एकाच गावातलं. एकाच वैशाखात लग्न होऊन दोघी इथे आल्या, समोरासमोरच्या घरांत. मिठागरावर मिठाच्या पाट्या दोघींनी बरोबर वाहिल्या. चंद्रावतीचा निकेश तान्हा होता तेव्हा तिला टायफॉइड झाला, आणि पुतळीताईने आपल्या भाविकाबरोबर त्यालाही अंगावर पाजलं. तो तिला मावशी म्हणतो. पुतळीताई उंच, बोलायला कमी, कुणाच्या घरी उगाच जाऊन बसणारी नाही. चंद्रावती बुटकी, गोड जिभेची. पंचायतीत काही काम निघालं की चंद्रावती बोलायची आणि पुतळीताई तिच्या शेजारी उभी राहायची. दोघींचं असंच चालायचं.

तळं बायकांच्या बचत गटाला मिळालं तेव्हा चंद्रावती अध्यक्ष झाली. रोहू आणि कटल्याचं बी, म्हणजे पिल्लं, सोडलं. वर्षभराने जाळं ओढलं तर वर आली ती सगळी चिलापी. तळहाताएवढी, काट्यांनी भरलेली. चिलापी वर्षातून कितीदा तरी विते, पिल्लं तोंडात घेऊन फिरते, त्यामुळे मरत काही नाही. तिने तळ्यातलं सगळं खाणं संपवलं होतं. रोहू नावाला चार निघाले, तेही खंगलेले.

मत्स्यखात्याचा एक माणूस पेणहून आला होता. त्याने पाणी बघितलं आणि म्हणाला, "जाळ्याने चिलापी संपत नाही. तिला खाणारा मासा सोडा. जिताडा सोडा."

जिताडा आम्हाला नवा नव्हता. पेण तालुक्यात पाहुण्याला मान द्यायचा तर जिताड्याचा. पण तो खाडीचा मासा. गोड्या पाण्यात वाढतो जोमाने, वीत मात्र नाही. त्याची पिल्लं खाडीतून आणूनच सोडावी लागतात, आणि तळ्यातून एक काढला की एक गेलाच. त्याची जागा भरत नाही.

त्या पावसाळ्यात पुतळीताई आणि चंद्रावती रोज ओहोटीला बांधाच्या उघाडीपाशी चिखलात उतरायच्या. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी अडवायची आणि शेतातलं पाणी सोडायची झडप. तिच्या तोंडाशी जिताड्याची बोटाएवढी पिल्लं सापडतात. भावोजींनी, म्हणजे पुतळीताईच्या नवऱ्याने, कमळाकरने, मच्छरदाणीच्या कापडाची झोळी शिवून दिली होती. पिल्लं आमच्या अंगणातल्या पिंपात ठेवायची आणि खाऱ्या पाण्यात तळ्याचं पाणी थोडं थोडं मिसळत जायचं. मोठं पिल्लू लहानाला गिळतं म्हणून पुतळीताई त्यांना वेगवेगळ्या पिंपांत निवडून टाकायची. तिचा गुडघा कायमचा दुखावला तो त्याच चिखलात.

जिताडे तळ्यात गेले तेव्हा देवळासमोर सगळ्या गावाने शब्द दिला. दोन पावसाळे उलटून होळी होईपर्यंत तळ्यात कोणी गळ टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही. राखण गटातल्या बायकांनी पाळीपाळीने करायची. हे सगळं बोलली चंद्रावती. टाळ्याही तिलाच मिळाल्या आणि पुतळीताई खूश होती.

एका वर्षात फरक दिसला. काठाला जी चिलापीची काळी गर्दी असायची ती विरळ झाली. सकाळी पाण्यात जिताड्याचा मोठा सपका ऐकू यायचा. पुतळीताई म्हणायची, "बघ, कामाला लागलाय." मग रोहूचं चांगलं हाताएवढं बी आणून सोडलं, जिताड्याच्या तोंडात जाऊ नये एवढं मोठं. तेही वाढायला लागलं.

दुसऱ्या वर्षी भाविकाचं डोहाळजेवण होतं. तिचं सासर कोलाडचं. व्याही-विहीण येणार, तळ्यात जिताडे आहेत हे त्यांना ठाऊक. भावोजी म्हणाले, "एक काढू या गो. आपणच सोडलेत."

"गावाचेत," पुतळीताई म्हणाली.

"एकानं काय होतंय?"

"आज आपण, उद्या समोरचा."

चंद्रावती तिथेच सुपारी कातरत बसली होती. ती म्हणाली, "बरोबर बोलते ती. नियम म्हंजे नियम, भाऊ." पाहुण्यांना कोंबडी वाढली. विहीणबाई जाता जाता म्हणाल्या, "तळं दारात, आणि पाहुण्याला कोंबडी." भाविकाने मान खाली घातली. पुतळीताई त्या दिवशी जेवली नाही.

त्याच्या आधी, पावसाळा लागला तेव्हाच, तिचा गुडघा फारच धरला होता. पहाटेची राखण तिच्या वाट्याला आठवड्यातून दोनदा यायची. चंद्रावती म्हणाली, "तू नीज गो. तुझी पहाटेची पाळी मी करते. मला तशीपण झोप नाय." पुतळीताईने मला सांगितलं, "सख्खी बहीण करणार नाय एवढं करते ती." त्या थंडीत तिने चंद्रावतीसाठी आपल्या हाताने गोधडी शिवून दिली, राखणीला अंगावर घ्यायला.

निकेश रोह्याकडच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. शिफ्ट करून करून त्याचे डोळे आत गेले होते. माघ संपता संपता बातमी आली की तो कायम झाला. चंद्रावती पेढे घेऊन आधी आमच्याकडे आली. पुतळीताईने तिला मिठीच मारली. मग चंद्रावती म्हणाली, "रविवारी त्याचे साहेब बायकापोरांना घेऊन जेवायला येतायत. कालवण तुझ्याच हातचं पायजे."

रविवारी सकाळी आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. मी खोबरं खवायला बसले. चंद्रावतीने परातीवरचं फडकं काढलं. जिताडा होता, परातीत न मावणारा.

पुतळीताई विळीवर बसली. मासा तिने उलटा केला, सुलटा केला. खाडीचा जिताडा चांदीसारखा पांढरा असतो. याची पाठ काळपट होती आणि पोट पिवळसर.

"खाडीचा हाय ना गो?" तिने विचारलं.

"व्हय. निकेशनं वडखळच्या बाजारातून आणला," चंद्रावती म्हणाली. ती पाठमोरी उभी राहून तांदूळ निवडत होती.

पुतळीताईने पोट चिरलं. आत दोन चिलाप्या होत्या. एक अर्धी विरघळलेली, दुसरी अख्खी, नुकती गिळलेली. तिने त्या बोटाने बाहेर काढल्या आणि विळीच्या कडेला शेजारी शेजारी ठेवल्या. मी बघितल्या. तिने माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच मला गप्प केलं. तोवर बाहेर गाडी येऊन थांबली होती.

तिने तो मासा रांधला. कोकमाचं आगळ घातलं, लसूण ठेचून घातली, तिखटाचा हात नेहमीसारखाच ठेवला. वाढलाही तिनेच. साहेब माणूस साधा होता. मुलांना काटे काढून देत होता. दोन घास खाऊन तो निकेशला म्हणाला, "हा तर मागच्यांपेक्षा मोठा निघाला. तुमच्या तळ्याच्या माशाला तोड नाही."

त्याची बायको पुतळीताईकडे बघून हसली. "दिवाळीला पाठवला होता तोही असाच होता. आणि गणपतीनंतरचा. तुम्हीच सोडलेत ना हे? निकेश सांगत होता, मावशीने सोडलेत म्हणून."

पुतळीताई म्हणाली, "व्हय. मीच सोडले." आणि तिने त्यांच्या ताटात अजून भात वाढला.

भाविकाचं डोहाळजेवण झालं होतं ते गणपतीनंतर. म्हणजे विहीणबाईंच्या ताटात कोंबडी होती तेव्हा आमचा जिताडा रोह्याला जाऊन पोचला होता.

पाहुणे गेले, निकेश त्यांना हमरस्त्यापर्यंत सोडायला गेला. स्वयंपाकघरात आम्ही तिघी. चंद्रावती भांडी गोळा करत होती.

"किती नेले?" पुतळीताईने विचारलं.

चंद्रावतीने कानावर हात ठेवले नाहीत. तेवढं तिने केलं नाही. "मोजले नाय," ती म्हणाली.

"पहाटेची माझी पाळी घेतलीस ती याच्यासाठी?"

चंद्रावती भांडी खाली ठेवून भिंतीला टेकली. "पोराचं आयुष्य गो. किती वर्षं ठेकेदाराकडे सडला. ज्यांनी काय ना काय पोचवलं ते कायम झाले. माझ्याकडे दुसरं काय होतं पोचवायला?"

"मला विचारायचं होतंस."

"तू नाय बोलली असतीस."

"बोलले असते का नाय, ते मला पण ठावं नाय," पुतळीताई म्हणाली. "निकेश माझ्या दुधावर वाढलाय. कदाचित मीच गळ घेऊन गेले असते. पण तू मला ठरवूच दिलं नाय. माझ्या पोरीच्या वेळेला माझ्या अंगणात बसून नियम सांगितलास."

चंद्रावती रडायला लागली. पुतळीताईने हात धुतले, पदराला पुसले आणि ती घरी आली. घरी येऊन ओसरीवर बसली ती दिवे लागेपर्यंत. मी चहा ठेवला तो तसाच गार झाला. भावोजींनी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही मागितलात तो एक जिताडा मी तुम्हाला दिला नाय. तुम्ही मला माफ करा." भावोजींना काही कळेना.

गटाच्या बैठकीत मात्र तिने सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज न चढवता, जेवढं झालं तेवढंच. मला वाटलं होतं बायका पेटून उठतील. पण एक जण म्हणाली, "पोराला नोकरी लागली ना. मासे काय, परत येतील." दुसरी म्हणाली, "येत नाय गो ते परत." कुजबुज सुरू झाली. एकीने चंद्रावतीला सरळ विचारलं, "अध्यक्ष तू, आणि तूच?"

चंद्रावती उठली. तिने पुतळीताईकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "मी एकटीनं काय लपवून केलं? पुतळी तर रांधायला होती माझ्याकडे. तिनंच वाढलं साहेबांना."

रांधल्याचं आणि वाढल्याचं काही खोटं नव्हतं. बायकांच्या माना तिच्याकडे वळल्या. मी उभी राहून सांगायला लागले, आधी काय झालं, नंतर काय झालं. पण तू तर तिची जाऊ, तू तिच्याच बाजूनं बोलणार, असं म्हणून मला बसवलं. दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर ऐकू यायला लागलं, दोघींचं संगनमत होतं, आता वाटणीवरून फिसकटलं.

गावाने शब्द मोडायला तेवढं निमित्त पुरलं. होळीची वाट कोणी बघितली नाही. त्याच आठवड्यात तळ्याच्या चारी काठांना गळ लागले, मग दिवसाढवळ्या जाळी आली. प्रत्येकाचं म्हणणं एकच, त्यांनी खाल्ले तर आम्ही का नाही. वाढलेले रोहूही त्यातच गेले. पुतळीताई ओसरीवरून बघत होती. माणसं खांद्यावर जिताडे टाकून आमच्या दारावरून जायची. कोणी एकाने तिलाही एक देऊ केला. तिने दार लावून घेतलं.

निकेश आला तो पंधरवड्याने. ओसरीच्या पायरीवरच बसला. "मावशी, आईवर राग धरू नको. तूच हो म्हणालीस ना, मग आता एवढं कशाला?"

"मी कधी हो म्हटलं?"

तो बघतच राहिला. "आई बोलली, मावशीला विचारलंय. मावशी बोलली, पोरासाठी ने."

पुतळीताईला खोटं बोलता आलं असतं. "मला नाय विचारलं रे," ती म्हणाली. "कधीच नाय."

निकेश उठला, समोर आपल्या घरी गेला. पुढच्या महिन्यात त्याने रोह्याला खोली घेतली. सणावाराला येतो, आईला पैसे पाठवतो, पण राहत नाही. चंद्रावतीने नोकरीसाठी जे केलं त्यातून नोकरी राहिली आणि मुलगा लांब गेला. हे ऐकून पुतळीताईला बरं वाटलं असेल असं कुणी समजू नये. ती म्हणाली, "मला वाटलं होतं बरं वाटेल."

पुढचा पावसाळा आला तोवर चिलापी पुन्हा काठाला दाटली. भावोजी झोळी काढून म्हणाले, "जाऊ या काय उघाडीवर? आपण दोघंच." पुतळीताई म्हणाली, "पिल्लं मिळतील. राखायला कोणावर सोडू?" झोळी त्यांनी परत माळ्यावर टाकली. गट मोडला. तळं पंचायतीने बाहेरच्या एकाला दिलं. तो चिलापीच काढतो आणि कोंबड्यांच्या खाद्याला विकतो.

पुतळीताई आता पेणला गणपतीच्या कारखान्यात जाते. मूर्तींना पॉलिश पेपर मारायचं काम, बसून करायचं, त्यामुळे गुडघ्याला त्रास नाही. तिथल्या बायका तिला जेवताना जवळ बोलावतात. ती डबा घेऊन त्यांच्यात बसते, पण कुणाला घरचं काही सांगत नाही, कुणाकडून आपलं काम करूनही घेत नाही. मालकाच्या सुनेने एकदा म्हटलं, तुम्ही दमलात, तुमच्या चार मूर्ती मी घासते. ही जवळजवळ ओरडलीच, "नको!" नंतर तिचं तिलाच कसंतरी झालं.

सकाळची एसटी हमरस्त्यावर मिळते. चंद्रावतीलाही कधी कधी पेणला दवाखान्यात जायचं असतं. परवा मी गडबच्या अंगणवाडीत निघाले होते, तेव्हा दोघी थांब्यावर होत्या, एक शेडच्या या टोकाला, एक त्या. चंद्रावती फार वाळली आहे. तिने विचारलं, "गाडी गेली काय गो?"

"नाय," पुतळीताई रस्त्याकडे बघत म्हणाली. "यायची हाय."