साथीच्या मावशी

"साथीच्या मावशी आल्या!" असं कोणी जिन्यातून ओरडलं, की त्या इमारतीत नव्याने राहायला आलेली माणसं आधी खिडक्या लावून घेत आणि मग विचारत, "कसली साथ आलीय हो?" एका नव्या भाडेकरूने तर आपल्या दोन्ही मुलांच्या बाह्या दंडापर्यंत सरकवून त्यांना दारात उभं केलं होतं, लस टोचून घ्यायला. मावशींनी थोरल्याची बाही खाली ओढली, त्याची बोटं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "लांब आहेत की. वाजवतो का काही?"

मावशींची साथ पियानोची. वाद्य शिकणाऱ्या मुलांच्या श्रेणी-परीक्षा असतात ना, पहिली, दुसरी, अशा आठव्या श्रेणीपर्यंत, त्यांत व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेटवाल्यांना पियानोची साथ लागते. साथीदार ज्याचा त्याने आणायचा, असा नियम. आणि आसपासच्या चारही मास्तरांना साथीदार म्हणून एकच नाव सुचायचं. एरवी मावशी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या. दुकानाचे मालक परीक्षेच्या आठवड्यात त्यांची रजा मंजूर करायच्या भानगडीत पडत नसत. पाऊस धरावा तशी ती धरूनच चालत.

मावशींना विचारलं तर त्या सरळ सांगायच्या, "पियानो मला बेताचाच येतो. मुलं मात्र चांगली येतात."

आणि यात विनय नव्हता. त्यांची खरी विद्या होती उडी. परीक्षेच्या खोलीत शिरलेलं दहा वर्षांचं पोर काय करील याचा नेम नसतो. घरी दोनशे वेळा वाजवलेल्या रचनेतली मधली अख्खी ओळ ते गिळून टाकतं आणि आपण काही गिळलंय याचा त्याला पत्ताही नसतो. अशा वेळी पियानो जागच्या जागी राहिला, तर पोर उघडं पडतं. पण मावशी जागच्या जागी राहतच नसत. पोराने ओळ गिळली की पुढच्या मात्रेला त्या पलीकडे हजर. एकदा एका व्हायोलिनवाल्याने पहिल्या पानावरून थेट तिसऱ्यावर झेप घेतली. मावशीही गेल्या. परीक्षक कौतुकाने म्हणाले, "छान! छोटीशीच रचना आहे, नाही?"

संध्याकाळी घरी गेल्यावर यजमान पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "काय गं, आज किती उड्या?"

"सात."

"आणि पडलं कोण?"

"कोणी नाही. माझ्या हाताखालून कोणी पडत नाही हो."

एकोणीस वर्षं हे उत्तर ठरलेलं. त्यात एकच खाडाखोड होती, आणि तिचं नाव चिमणी.

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेने तिला क्लॅरिनेट दिलं तेव्हा पहिले चार महिने त्यातून सूर येण्याऐवजी नुसतं 'चीं' यायचं, म्हणून तिच्या क्लासच्या मास्तरांनी ठेवलेलं. पोरगी दहा वर्षांची, काटकुळी, दोन वेण्यांची. तिला क्लासला आणणारे आजोबा नळदुरुस्तीचं काम करत. वयाने ते मावशींपेक्षा चांगले दहा वर्षांनी मोठे, तरी तेही त्यांना मावशीच म्हणायचे.

तर गेल्या वर्षी तिसऱ्या श्रेणीच्या परीक्षेत, पहिल्याच रचनेत, एक 'चीं' आलं. एवढंसं. चिमणीने क्लॅरिनेट तोंडातून काढलं, परीक्षकांना "सॉरी" म्हणाली, दार उघडून बाहेर गेली आणि आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. आत मावशी दोन्ही हात पियानोवर अधांतरी धरून तशाच. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच उडी मारायला पलीकडचा काठच उरला नव्हता.

आता या वर्षी तीच परीक्षा पुन्हा. आणि या वेळची गोष्ट वेगळी होती, कारण क्लॅरिनेट शाळेचं. दोन वर्षांत तिसरी श्रेणी पास झाली तर वाद्य तिच्याकडे राहणार. नाही तर रांगेतल्या पुढच्या मुलाकडे जाणार. पुढच्या मुलाची आई दर शनिवारी मास्तरांना भेटून, अगदी गोड आवाजात, "कसं चाललंय हो त्या मुलीचं?" असं विचारूनही जायची.

"काय सांगता त्यांना?" मावशींनी एकदा विचारलं.

"सांगतो, ठणठणीत आहे," मास्तर म्हणाले. "आजारी माणसाच्या घरावर डोळा असल्यासारखी चौकशी करते बाई!"

ठणठणीत मात्र नव्हतं. घोडं अडलं होतं ते दुसऱ्या रचनेत. रचनेच्या मधोमध एक जाड रेघ आणि तिच्या अलीकडे दोन ठिपके. अर्थ एवढाच की मागे जा, हा भाग पुन्हा वाजव आणि मग पुढे हो. चिमणी मागे जायचीच नाही. ठिपके-बिपके ओलांडून पुढच्या ओळीत घुसायची.

"चिमणे! ती रेघ आहे, उंबरठा नाही! मागे फीर!" मास्तर पेन्सिल आपटायचे.

"मी फिरते हो मास्तर. बोटं पुढे जातात."

"मग बोटांना कोण सांगणार? मी पत्र लिहू?"

मास्तर पाणी प्यायला गेले की मावशी पियानोमागून हळूच म्हणायच्या, "तू जा गं कुठेही. मी येते." सराव झाले अकरा आणि अकराही वेळा चिमणी पुढेच गेली. मावशींनी आपल्या कागदावर त्या रेघेवरून थेट पुढच्या ओळीवर लाल पेन्सिलीने एक झोकदार बाण काढून टाकला. म्हटलं, ऐन वेळी शोधाशोध नको.

परीक्षेच्या दिवशी त्या लांबट बोळातल्या बाकांवर मुलं ओळीने बसली होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर बोटं नाचत होती. दाराशी यादी घेऊन बसलेल्या बाई दर दहा मिनिटांनी एकाला आत सोडत आणि एकाला बाहेर काढत. आजोबांनी क्लॅरिनेटचे दोन तुकडे जोडून, कानाशी धरून हलवून पाहिले. सांध्याचं बूच झिजलं होतं म्हणून त्यांनी नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी पट्टी तिथे चापून बसवली होती.

"आता थेंब गळायचा नाही," ते म्हणाले.

"आजोबा, यात हवा असते. पाणी नसतं."

"गळती ती गळती. मला नको शिकवूस."

मावशींनी चिमणीचे हात हातात घेतले. बर्फाचे गोळे. "घाबरलीस?"

"नाही." मग जरा थांबून, "तुम्ही?"

"मी कशाला घाबरू? मला कुठे मार्क असतात!"

यादीवाल्या बाईंनी नंबर पुकारला.

परीक्षक करड्या स्वेटरातले, वयस्कर, आणि त्यांच्या पुढ्यात टोकदार पेन्सिलींची ओळ. पहिली रचना झाली. 'चीं' नाही, काही नाही. मावशींच्या जिवात जीव आला. दुसरी सुरू झाली. पियानोवर बसलेल्याला वादकाची पाठच दिसते. मावशी सारं त्या पाठीवरून वाचायच्या. खांदे वर गेले की श्वास, श्वास घेतला की सूर. दोन वेण्या तालात हलत होत्या. जाड रेघ जवळ येऊ लागली. चार मात्रा. तीन. मावशींनी लाल बाणाकडे पाहिलं, मनात पदर खोचला आणि मारली उडी!

एकटीनेच.

चिमणी मागे गेली होती. अकरा वेळा न सापडलेली वाट तिला बाराव्या वेळी, नेमकी आज, सापडली होती!

क्षणभर खोलीत दोन वेगवेगळ्या रचना वाजत होत्या आणि दोघींची एकमेकींशी तोंडओळखही नव्हती. मावशींच्या कानशिलांतून वाफ निघाली. त्या उलट फिरून मागे धावल्या. पण नेमकी तेव्हाच चिमणी, मावशींना सोबत करावी म्हणून, पुढे गेली! अरुंद जिन्यात समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट देण्याच्या नादात एकाच बाजूला सरकतात, मग पुन्हा दुसऱ्या बाजूला सरकतात, तसं झालं. परीक्षकांची पेन्सिल हवेत थांबली. मावशींना समोर दार दिसायला लागलं. आता हे पोर क्लॅरिनेट काढणार, सॉरी म्हणणार, आणि या वेळी सॉरी म्हणायची तिला काही गरजही नाही, कारण माती मी खाल्लीय.

चिमणीने क्लॅरिनेट काढलं नाही. ती पुन्हा मागे गेली, त्या भागाच्या अगदी पहिल्या सुरावर, आणि तो सूर धरून उभी राहिली. लांबच लांब, सरळ, जराही न थरथरणारा सूर. ना वेणी हलली, ना पाय. गर्दीत चुकलेल्या माणसाला दिसावं म्हणून कोणी एका जागी हात वर करून उभं राहावं, तसा तो सूर उभा होता. म्हणत होता, मी इथे आहे, या.

मावशी चाचपडत आल्या. त्यांचा हात त्या सुराखाली नीट बसला, तो चिमणीला बरोबर कळला. तिने खांदे वर केले, एवढा मोठा श्वास घेतला की तो मावशींनाच काय, बाहेर यादीवाल्या बाईंनाही ऐकू गेला असेल, आणि निघाली. त्यापुढे तिला कोण अडवतंय! शेवटची जलद ओळ तर तिने सरावात कधी घेतली नव्हती इतक्या वेगाने घेतली. मावशी मागून अक्षरशः धावत होत्या, आणि धावता धावता त्यांना हसू आवरत नव्हतं.

बाहेर आल्याबरोबर चिमणीने कमरेवर हात ठेवले. "मावशी, तुम्ही कुठे निघाला होतात?"

"अगं, पण तू मागे कशी गेलीस?"

"मास्तर म्हणाले होते ना, मागे जायचं म्हणून!"

मावशींनी लाल बाणाचा कागद घडी करून पिशवीत कोंबला. आजोबा दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिले. "गळलं का कुठे?" त्यांनी काळजीने विचारलं.

संध्याकाळी यजमानांनी पेपराआडून विचारलं, "किती उड्या?"

"एक."

"आणि पडलं कोण?"

"मी."

पेपर खाली आला. सगळी हकीकत ऐकून झाल्यावर त्यांनी चष्म्याची काडी दातांत धरली. "आणि त्या गोंधळाचे मार्क कापले तर?"

"तेच तर! नियमात साथीदाराला गुण नाहीत तसे दोषही नाहीत. म्हणजे जे काही कापतील ते पोरीचं. मी परीक्षकांना लिहू का, चूक माझी होती म्हणून?"

"लिहिता येतं?"

"नाही."

निकालाला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत मावशींनी एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा चष्मा दिला, आणि ते गृहस्थ "आता कसं स्वच्छ दिसतंय!" म्हणत निघूनही गेले, ही गोष्ट मालकांना अजून माहीत नाही.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी मावशी एका जाड्याजुड्या गृहस्थांच्या डोळ्यांवर तपासणीची चौकट चढवून तीत भिंगं घालत होत्या, तेवढ्यात दुकानाचं दार धाडकन उघडलं. पुढे चिमणी, मागे आजोबा, त्यांच्या एका हातात पाना, दुसऱ्या हातात कागद. पळत आल्यामुळे चिमणीला बोलता येत नव्हतं, आणि आजोबांना वाचता येत नव्हतं, कारण त्यांचा चष्मा ज्या घरी ते नळ बसवत होते तिथल्या मोरीत राहिला होता.

"वाचा! वाचा तुम्ही!" त्यांनी कागद मावशींच्या हातात कोंबला.

मावशींची नजर एकूण गुणांकडे गेलीच नाही. ती गेली दुसऱ्या रचनेच्या शेऱ्याकडे. "साथीत काही काळ गोंधळ झाला..." त्यांचा चेहरा पडला. मग पुढचं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी मोठ्याने, आणि आवाज चढत गेला: "साथीत काही काळ गोंधळ झाला. वादिकेने वादन न थांबवता एक स्वर उत्तम धरून ठेवला आणि साथीदारास परत आणले. या वयात ही समज क्वचितच दिसते!"

"उत्तम! क्वचितच!" आजोबा पाना हवेत फिरवत म्हणाले. "पुन्हा वाचा!"

मावशींनी पुन्हा वाचलं. 'साथीदारास परत आणले' या शब्दांवर त्यांचा आवाज जरा ओलसर झाला, तो त्यांनी खाकरून कोरडा केला.

"अहो बाई," चौकटीतल्या गृहस्थांनी खुर्चीतून हात वर केला. त्यांना समोर तीन धूसर ठिगळांपलीकडे काही दिसत नव्हतं. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण ती पास झाली का, ते तरी सांगा!"

मावशींनी घाईघाईने कागदाच्या तळाशी पाहिलं. पण चिमणीला तोवर श्वास सापडला होता.

"झाले! शंभरात ब्याऐंशी! क्लॅरिनेट माझ्याकडेच!"

मावशींच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मालक आतल्या खोलीतून धावत आले. त्यांना वाटलं, काच फुटली.

"मालक, मी निघाले. रजा धरा."

"आज? परीक्षा तर संपल्या ना?"

"संपल्या की! म्हणून तर चौथ्या श्रेणीचा सराव आजपासून," मावशी पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, आणि चिमणी त्यांना हाताला धरून ओढत रस्त्यावर घेऊनही गेली. मागून आजोबा, पाना सांभाळत.

गृहस्थ चौकटीतून त्यांच्या दिशेला बघत राहिले. "पोरगी हुशार दिसते," ते मालकांना म्हणाले, "पण माझा नंबर कोण काढणार?"