सरलाताईंनी केलेलं बफर
सरलाताई दामले बावन्नाव्या वर्षी म्युनिकच्या आमच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागल्या. वीस वर्षं घर आणि मुलांच्या शाळा सांभाळल्यावरची ही पहिली नोकरी. प्रोबेत्साइट, म्हणजे सहा महिन्यांचा उमेदवारीचा काळ, शुक्रवारी संपणार होता.

मी, ईप्सिता, तिथेच पीएचडी करत होते. माझा विषय उत्तर समुद्राच्या चिखलात राहणारा एक किडा. त्याचं हिमोग्लोबिन पेशींत नसतं, रक्तात मोकळं फिरतं. एकशे चव्वेचाळीस साखळ्यांची ती षटकोनी, दुमजली रचना कॅल्शियमच्या आधारावर उभी असते. कॅल्शियम काढलं की कोसळते. हे मला तोंडपाठ होतं, म्हणून तर स्वतःचा इतका राग येतो.

बुधवारी सकाळी आमच्या प्रोफेसरांनी या हिमोग्लोबिनचा नमुना छोट्या मायक्रोस्कोपवर तपासला. स्क्रीनवर एकही षटकोन नव्हता, नुसता चुरा. मोठ्या मायक्रोस्कोपवरची आमची पाळी दुसऱ्या दिवशी होती. ती हुकली तर पुढची चार महिन्यांनी.

"बफर कोणी केलं?"

"मी," सरलाताई म्हणाल्या.

नमुना ज्या द्रावणात ठेवतात त्या बफरच्या बाटलीवरची यादी प्रोफेसरांनी वाचली. त्यात ईडीटीए होतं. कॅल्शियम ओढून घेणारं हे रसायन आमच्याकडे सवयीने प्रत्येक बफरमध्ये पडतं.

"सहा महिन्यांत एवढं कळायला हवं होतं, फ्राउ दामले."

ताईंनी बफर माझ्या चिठ्ठीवरून केलं होतं. ती मी जुन्या कृतीवरून डोळे झाकून उतरवली होती. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही असं म्हणणं खोटं. मी तो फुटू दिला नाही.

ताईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि शीतखोलीतून डबा आणला. उरलेले तीन किडे त्यात जिवंत होते. त्यांचं पाणी त्या रोज बदलत होत्या.

"बघत काय बसलीस? सुई दे."

किड्यांचं ताजं रक्त ईडीटीए नसलेल्या नव्या बफरमध्ये घेतलं आणि चार वाजता स्क्रीनवर षटकोन उभे राहिले. "गेनाऊ!", अगदी बरोबर, म्हणत प्रोफेसरांनी माझी पाठ थोपटली. ताईंशी ते बोललेच नाहीत. मी ती शाबासकी घेतली.

शुक्रवारी नऊला ताई प्रोफेसरांच्या खोलीत गेल्या. मी दोन मिनिटं बाहेर उभी राहिले, मग दार ढकललं आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"हे अक्षर माझं आहे."

प्रोफेसरांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि ताईंची नोकरी कायम करणाऱ्या कागदावर सही केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ताई, तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तू दहा मिनिटांत बोलशील," त्या म्हणाल्या. "दोन दिवस झोपले नाही गं मी."