नांगरावरचा कप्तान

भरल्या नदीला पाव खाऊ घालण्याचा मान आमच्या ग्रेव्हसेंडमध्ये माझ्याकडे जातो. धर्मादाय संस्थेच्या शाळा-जहाजावर पाव पोचवण्याचा माझा पहिलाच दिवस, आणि मी होडी नेऊन धडकवली ती थेट जहाजाच्या पोटावर. सगळी टोपली थेम्समध्ये. वरून एका बुटक्या माणसाने दोर फेकला आणि विचारलं, “काय हो पाववाले, आज माशांची पंगत का?”

हा जेबेझ ट्रिंडल.

लंडनच्या गल्ल्यांतून उचललेली पोरं संस्था या जुन्या लढाऊ जहाजावर ठेवी. त्यांची डोकी भादरायची, अंगात निळी बंडी चढवायची, शिडं आणि दोराच्या गाठी शिकवायच्या, आणि मग खऱ्या जहाजांवर धाडून द्यायचं. जेबेझही तसाच आलेला. पण उंची भरेना. दर वर्षी कुणीतरी कप्तान त्याला डोलकाठीशी उभा करी आणि म्हणे, पुढच्या वर्षी बघू. पोरगा काही वाढला नाही. शेवटी संस्थेने त्याला गाठी शिकवायला ठेवून घेतलं.

त्यातच तो चाळिशीला आला. जहाज चिखलात बूड टेकून बसलेलं, वर्षानुवर्षं हललं नव्हतं. पण जेबेझ पाय फाकून झुलत चाले. माझ्याकडे चहाला आला तरी कप धरून बसे, घरंगळू नये म्हणून. पोरांना वादळांच्या गोष्टी सांगे, त्याही जाऊन आलेल्या पोरांकडून ऐकलेल्या. पोरं त्याला पाठीमागे ‘कप्तान’ म्हणत, मी तोंडावर.

मग वाफेच्या बोटी आल्या. संस्थेने पोरं किनाऱ्यावरच्या विटांच्या इमारतीत हलवली, गाठींचा वर्ग बंद केला आणि जहाज मोडीत काढलं. जेबेझची नोकरी आणि छप्पर एकदमच गेलं. आशा एकच उरली. जहाज तोडण्यासाठी समुद्रातून ओढत दूर उत्तरेला न्यायचं होतं. ओढणाऱ्या बोटीचा कप्तान म्हणाला, जहाजाच्या सुकाणूवर तू उभा राहा, हात बरा दिसला तर माझ्याच बोटीवर कायमचा ठेवतो. उंचीचं त्याने नावही काढलं नाही.

मी बिस्किटं बांधून दिली. जेबेझने गळ्यात नवा रुमाल बांधला होता. म्हणाला, “पाववाले, आता दोर फेकायला मी नाही. जपून धडका.” मग जहाज नदीच्या वळणाआड गेलं. त्या वळणापलीकडे तो कधी गेलेला नव्हता.

आठवडा सरायच्या आत तो माझ्या दुकानात उभा. आगगाडीने आलेला. चेहरा भट्टीत न गेलेल्या पावासारखा, चाल सरळ. बिस्किटांची पुरचुंडी न सोडताच त्याने माझ्यापुढे ठेवली आणि पिठाच्या पोत्यांवर झोपू का, म्हणून विचारलं. झोपा म्हणालो. तिथेच गप्प बसायला हवं होतं.

“पण कप्तान, ती बोट?”

“पाववाले, मला बोट लागते.”