करपल्याचा वास

या सदरात लिहिणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. पिंपळ, पांढरी साडी, मागून आलेली हाक... वाचायचं आणि हसायचं. वाशिमला आमचं मेडिकल आहे. औषधं मी बघते, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम नवऱ्याकडे. दुकानाला लिंबू-मिरची बांधायची नाही, हा माझा कायदा. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे — पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

गोष्ट माझ्या मोठ्या बहिणीची. शोभाताई, रिठदला दिलेली. भाऊजींची शेती, एकुलती एक मुलगी कल्याणी. ती चौथीत असताना ताईला ताप आला. तिने तो अंगावर काढला, आमच्याकडे बाया काढतातच. मग ती एकच धरून बसली — "काहीतरी करपून राह्यलं... पाहा ना कोणी."

गॅस बंद, चूल थंड. भाऊजींनी वायरिंग तपासलं, गोठ्यामागचा कुटाराचा, म्हणजे गुरांच्या भुशाचा, ढीग उपसला. कुठे काही नाही. शेजारच्या म्हातारीने बाहेरचं लागलं म्हणून निकालही देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी ताईने भाऊजींनाच विचारलं, तुमी कोण? आणि पाठोपाठ तिला फिट आली. मी गाडी करून तिला तडक अकोल्याला नेलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तापात ओठावर फोड येतात ना, त्याचाच व्हायरस. बहुतेकांच्या अंगात तो निपचित पडून असतो, क्वचित एखाद्याच्या मेंदूत शिरतो. वास आणि आठवणी ज्या भागात असतात, नेमका तिथेच घाला घालतो. भाऊजी कुटार उपसत होते तेव्हा करपत होतं ते ताईच्या डोक्यात.

जीव वाचला. पण घरी आलेल्या ताईला लग्न, सासर, लेक — काहीच आठवत नव्हतं. नवीन काही टिकतही नाही. चहा पिऊन कप खाली ठेवते आणि चहा मागते. वास तर साफ गेला, दूध उतू जाऊन जळालं तरी शेजारी बसून राहते. हातांना मात्र सगळं येतं. भाकरी गोल थापते, गाणी म्हणते. त्याची जागा मेंदूत वेगळी असते म्हणे.

कल्याणी रोज सकाळी जवळ बसून सांगते, मम्मी, मी कल्याणी. ताई छान हसते. जरा वेळाने विचारते, "तू कोणाची वं, बाई?" एकदा पोरीने मला विचारलं, "मावशी, मी मोठी झाली म्हणून तर मम्मी मले वळखत नसंल ना?" दिवसभर लोकांना कोणती गोळी कधी घ्यायची ते सांगणारी मी, त्या पोरीची नुसती वेणी घालत बसले.

गेल्या वर्षी कोजागिरीच्या आधी मी रिठदला गेले होते. सोयाबीनची काढणी चाललेली, भाऊजी शेतात. गल्लीतल्या पोरींची भुलाबाई त्या संध्याकाळी ताईच्या ओसरीवर होती. बाहेरच्यांसाठी सांगते — भुलाबाई म्हणजे आमच्याकडचा भोंडला. गाणी झाली की ज्या घरी खाऊ असेल ती पोरगी बंद डबा हलवते आणि बाकीच्यांनी आवाजावरून आतलं ओळखायचं. म्हणून खाऊ काय, याची भारी लपवाछपवी असते. कल्याणीने मलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. दुपारी शेजारच्या काकूंच्या घरी जाऊन काहीतरी केलं, स्टीलच्या डब्यात दाबून भरलं, घट्ट झाकण लावलं आणि वरून फडकं गुंडाळलं.

दिवेलागणीला गाणी रंगली. ताई भिंतीला टेकून सगळी म्हणत होती, एक शब्द चुकत नव्हता. मग डबा आला. आवाज काही येईना. पेढे, केळी, खोबऱ्याची वडी... पोरी हरल्या. कल्याणी डबा घेऊन ताईसमोर जाऊन बसली. हलवला नाही, नुसता धरला.

ताईने नाक जरा वर केलं. "मलिदा हाय," ती म्हणाली. "बुडाले करपला थोडा."

कल्याणी फडकं सोडायला लागली.

"गूळ कमीच घातला ना? माह्या कल्याणीले जास्त गोड चालत नाही."

झाकण काढलं. मलिदाच होता — शिळ्या पोळीचा चुरा, गूळ-तुपात परतलेला. आजारपणाआधी शाळेतून आल्यावर ताई लेकीला हाच करून द्यायची. पोरीने पहिल्यांदाच केलेला, खालचा थर काळा पडलेला. मी चमच्याने खरवडून पाहिला.

कल्याणीने ताईच्या मांडीवर डोकं टाकलं. "मम्मी, मीच कल्याणी हाय ना."

ताईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "तू कोणाची वं, बाई? घे, तू बी घे. पण तिच्यापुरता ठेवजो थोडा. शाळेतून येईल आता."

पोरीने डोळे पुसले आणि वाटीत थोडा मलिदा काढून ताईजवळ झाकून ठेवला. मी आत जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी ताईचे डोळे बांधून नाकाखाली कापूर धरला, हिंग धरला, स्पिरिट धरलं. काही नाही. अकोल्याच्या डॉक्टरांचं म्हणणं, आठवणींचा एखादा कोपरा शाबूत राहतो. मान्य! लेक आठवली, मलिदा आठवला, तेही मान्य. पण हा करपलाय, हे तिला कसं कळलं? डबा बंद होता, आणि आम्हा धडधाकट नाकाच्या बायांना काडीचाही वास आला नव्हता. यावर त्यांनी विषय बदलला. तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, भुताखेतांचं सोडून.

परवा पुन्हा रिठदला गेले. उंबऱ्यातच करपल्याचा वास आला. धावत स्वयंपाकघरात गेले. ताई एका कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती, तिला कशाचाच पत्ता नव्हता. कल्याणी गॅसपाशी उभी होती, शेजारी तोच डबा आणि तेच फडकं. दर रविवारी मलिदा करते म्हणाली. मम्मी अजून पुन्हा तसं काही बोलली नाही.

कढई माझ्यापुढे धरून तिने विचारलं, "मावशी, तेवढाच करपला ना?"