निफाडच्या मोटरघरासमोर राजदूत

१९८१ च्या ऑक्टोबरात, द्राक्षांची छाटणी उरकल्यावर, निफाडजवळच्या दोन सख्ख्या भावांनी सामाईक विहिरीच्या मोटरघराला आपापलं कुलूप लावलं. वेलींवर कोवळी फूट आली होती. पाणी मिळालं नसतं तर दोन्ही बागा गेल्या असत्या.

भांडण पाण्याच्या पाळीचं होतं. मिटवायला भावांच्या मामांनी नाशकातून ओळखीच्या एका साहेबांना आणलं. साहेबांची सगळी नोकरी परराष्ट्र सेवेत झाली. काही देशांत राजदूत, मग दिल्लीत व्यापाराचे सरकारी सल्लागार, निवृत्तीनंतर नाशकात गंगापूर रोडला घर. आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत ते परदेशी बातम्यांतल्या चुका सांगायला येत. "'फेटाळलं' काय लिहिता? 'विचाराधीन' लिहा. उद्या पुन्हा बोलावं लागतं." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाही. बातमी मिळेल म्हणून मी सोबत गेलो.

गेल्या गेल्या साहेबांनी थोरल्याच्या ओट्यावर चहा घेतला. धाकटा बांधावरूनच म्हणाला, "झाला का निकाल? लय लवकर झाला."

"राजशिष्टाचारात चुकलो," साहेब मला म्हणाले. ते उठले आणि थेट मोटरघरासमोर जाऊन बसले. "जेवण इथंच. दोन्ही घरचं. तुम्ही दोघं शेजारी बसलात की घास घेईन."

"साहेबांना साखर हाय," मामा दोघांना ऐकू जाईल असं म्हणाले. "उपाशी चालत नाय त्यांना."

ऊन माथ्यावर आलं. दोन्ही जावा ताटं घेऊन आल्या. "पाव्हणा उपाशी बसवलाय, बरं दिसतं का?" थोरली नवऱ्याला म्हणाली. भाऊ बसले, पण एकमेकांकडे पाठ करून.

"चालेल," साहेब म्हणाले. "असे देश जेवू घातलेत मी."

धाकटा हसला. थोरला खोकला.

"आता हात धुवायचेत," साहेब म्हणाले. "मोटरच्या पाइपाखाली."

"कळशी आणतो ना," थोरला म्हणाला.

"कुणाच्या घरची?" साहेबांनी विचारलं.

मग धाकट्यानं खिशातून किल्ली काढली. "दादा, तुझी?"

"पाळीचं काय?" थोरल्यानं विचारलं.

"'पाहू' म्हणा," साहेब म्हणाले.

"पाहू," म्हणत थोरला उठला.

मोटर सुरू झाली. साहेबांनी दोन्ही ताटं संपवली. दिवसाचं पाणी एकाला, रात्रीचं दुसऱ्याला, दर आठवड्याला अदलाबदल, असं संध्याकाळपर्यंत ठरलं.

थंडीत साहेबांना दिल्लीहून पुन्हा सल्लागार म्हणून बोलावणं आलं. ते गेले. मार्चमध्ये दोन्ही बागांची द्राक्षं एकाच टेम्पोतून पिंपळगाव बसवंतच्या बाजाराला गेली. हे कळवायला मी दिल्लीला फोन लावला. साहेब आदल्या आठवड्यात वारले होते.