अठरा महिन्यांची नोंद

नवलभाऊ फिरके यांना वरच्या सहीशिवाय शिंकसुद्धा येत नाही, असं आम्ही ऑफिसात म्हणायचो. त्यांच्या तोंडावर म्हणायचो आणि ते हसायचे. माणूस मूळचा पहूरचा, राहायला जळगावात मेहरूणला, वय पंचावन्नच्या पुढे. आमच्या कंपनीत नियम पाळले जातात की नाही हे बघणं त्यांचं काम. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर सर्व्हर सांभाळायचे.

आमचा धंदा तसा पोस्टमनचा. कारखानदार संगणकावर बिल करतो, ते आमच्यामार्फत सरकारी पोर्टलवर जातं आणि तिकडून नंबर आणि तो काळा-पांढरा चौकोनी कोड घेऊन परत येतं. कोणता माल कोणत्या गाडीतून निघाला, तेही त्यासोबत जातं. असा पोस्टमन व्हायचं म्हणजे करारात शंभर अटी. घड्याळ सेकंदाला बरोबर हवं. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद हवी. ती कुणाला बदलता येता कामा नये आणि गिऱ्हाईक सोडून कुणाला दाखवता कामा नये. अठरा महिने झाले की ती पुसायची. नवलभाऊंना हे सगळं कलमांसकट पाठ होतं.

त्यांच्या या कडकपणाला कारणही होतं. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका माणसानं एका डाळमिलवाल्याची बिलं दुसऱ्या डाळमिलवाल्याला दाखवली. कंपनीची मान्यता जाता जाता वाचली, पण चार जणांची नोकरी गेली. त्यातला एक नवलभाऊंचा जवळचा मित्र होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नवलभाऊ तर पाणीही फुंकून प्यायला लागले.

जून महिन्यात कुंदाबाई पहिल्यांदा आल्या. धुळ्याकडच्या, चाळिशीतल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. त्यांचा नवरा वना हा एका चटई कारखान्याचा ट्रक चालवायचा. आदल्या वर्षी मे महिन्यात सुरतेला माल घेऊन निघाला आणि धुळ्याअलीकडे फागण्याजवळ गाडी उलटून जागीच गेला. गाडीचा विमा संपलेला होता, म्हणजे भरपाई मालकाच्या खिशातून जाणार. पोलीस पोचायच्या आत मालकानं चटयांचे गठ्ठे दुसऱ्या गाडीत चढवले. पंचनाम्यात गाडी रिकामी लिहिली गेली. मालकानं जबाब दिला, की वना त्या दिवशी कामावर नव्हताच, न विचारता गाडी घेऊन गेला.

म्हणजे भरपाईचा प्रश्नच मिटला. वर मेलेल्या माणसावर चोरीचा ठपका. धुळ्याच्या कोर्टात दावा चालू होता. सरकारी पोर्टलवरून वकिलानं बिलाची प्रत मागवली, तर तिच्यावर दुसऱ्याच गाडीचा नंबर. शेवटी कारखान्यातल्या एका कारकुनानं कुंदाबाईंना हळूच सांगितलं, की बिल जळगावच्या या कंपनीतून जातं, नंतर बदललं तरी आधीचंही तिथे राहतं.

"भाऊ, मना नवरा तीच गाडीवर व्हता," कुंदाबाई म्हणाल्या. "तुमना मशीनमा लिखेल शे ना? मंग माले तेवढा कागद द्या. लोके त्याले चोर सांगतस."

नवलभाऊंनी त्यांना खुर्ची दिली, कागद नीट वाचले. मग म्हणाले, "अक्का, आम्हाला कुणाची माहिती देता येत नाही. कोर्टाचा आदेश आणा, त्याच दिवशी देतो."

त्या गेल्यावर दुपारच्या सुट्टीत नवलभाऊंनी जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. परवानगी न घेता नोंद उघडली. मी शेजारीच होते, मलाही दिसली. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी बिलावर वनाच्या ट्रकचा नंबर. अपघात बारा चाळीसचा. एक पंचवीसला बिलावर नंबर बदलला होता. वना मेल्यावर पाऊण तासात मालकानं त्याला बिलातून उतरवलं होतं.

"हे पुसलं कधी जाणार?" मी विचारलं.

"एकोणीस नोव्हेंबर."

"मग निदान तारीख तरी सांगा त्यांना."

"मोनाली, तारीख सांगितली म्हणजे नोंद आहे हे सांगितलं. नोंद आहे हे सांगितलं म्हणजे गिऱ्हाइकाची माहिती दिली. कलमात बसत नाही."

हात बांधून ते बसले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. पुण्याच्या मुख्य ऑफिसला त्यांनी दोनदा लिहिलं, की ही नोंद पुसू नये. दोन्ही वेळा उत्तर आलं, सक्षम अधिकाऱ्याचं पत्र आल्यास विचार करू. कुंदाबाई ऑगस्टमध्ये आल्या, दसऱ्यानंतर पुन्हा आल्या. दर वेळी नवलभाऊंनी कोर्टाकडच्या अर्जात काय लिहायचं, कोणते नंबर टाकायचे, हे स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. एवढं सगळं कलमात बसत होतं.

अर्ज अकरा नोव्हेंबरला सुनावणीला लागला. वकिलाच्या घरी लग्न होतं, म्हणून त्यानंच पुढची तारीख मागितली. घाई आहे हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं होतं? कोर्टानं डिसेंबरची तारीख दिली.

एकोणीस तारखेला सकाळी सहाला नोंद आपोआप पुसली गेली. पुसणारा प्रोग्राम मीच लिहिलेला होता. तीन डिसेंबरला कोर्टाचा आदेश आला, वरातीमागून घोडं यावं तसा. आडातच नाही तर पोहऱ्यात काय येणार? 'नोंद मुदतीनंतर नियमानुसार नष्ट केली आहे,' असं उत्तर नवलभाऊंनी स्वतः टाइप केलं. त्याच आठवड्यात तपासणीसाठी बाहेरची माणसं आली होती. नोंदी वेळेवर नष्ट केल्याबद्दल त्यांनी आम्हाला पूर्ण गुण दिले. त्या दिवशी नवलभाऊ जेवले नाहीत.

जानेवारीत ते धुळ्याच्या कोर्टात साक्षीला उभे राहिले. कुणी बोलावलं नव्हतं, स्वतःच कुंदाबाईंच्या वकिलाला जाऊन भेटले. मी सोबत गेले होते. बिलावरच्या दोन्ही वेळा आणि दोन्ही गाड्यांचे नंबर त्यांनी न अडखळता सांगितले. मग मालकाचा वकील उठला.

"ती नोंद पाहायची तुम्हाला परवानगी होती?"

"नव्हती."

"आज ती नोंद दाखवता येईल?"

"नाही."

"कुणी पुसली?"

"आम्हीच."

वकील हसून खाली बसला. नवलभाऊंचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, जानेवारीत. परवानगीशिवाय नोंद पाहिल्याची कबुली भर कोर्टात दिली होती, त्यामुळे पुढच्या आठवड्यात कंपनीनं त्यांना काढलं. मार्चमध्ये निकाल लागला आणि दावा फेटाळला गेला. वना कामावर असल्याचा पुरावा नाही, असं निकालात आहे. आता नवलभाऊ पहूरला असतात, लोकांचे अर्ज लिहून देतात आणि प्रत्येक अर्जावर शेवटची तारीख लाल शाईनं लिहितात, असं ऐकते. जाऊन बघायचं माझं धाडस झालं नाही.

मला आठवतो तो साक्षीचाच दिवस. आम्ही बाहेर आलो तर कुंदाबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. आतलं सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्या रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ, पुसानी तारीख तुमले पहिलेपाईन मालूम व्हती?"

"होती, अक्का."

"मी तीन येळा उनू ना भाऊ," त्या म्हणाल्या. "एक येळ तरी सांगी देतात."

नवलभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तारीख मलाही माहीत होती, आणि माझ्या तोंडाला तर कुठल्याच कलमाचं कुलूप नव्हतं. मी खाली बघत उभी राहिले.