प्रमिलाताईंच्या धुऱ्यावर

नागपूरहून सकाळच्या पहिल्या बसने मी मौद्याकडे निघाले, तेव्हा खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. शेजारच्या आजोबांनी मफलर सारून विचारलं, "कुठं जाऊन राहिल्या बाई?" गावाचं नाव ऐकून ते हसले. "तिथं तं माणसापेक्षा डुकरंच जास्त दिसतीन तुमाले."

मी त्यासाठीच निघाले होते. सांगलीत एका बियाणं-मेळाव्यात प्रमिलाताईंची ओळख झाली होती. "रानडुकरांपासून पीक कसं वाचवतो ते पाहाले ये एकदा," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मी ते मनावर घेतलं.

मौद्याहून शेअर ऑटो. वीज केंद्राची उंच धुराडी बराच वेळ मागे दिसत राहिली. फाट्यावर प्रमिलाताई उभ्याच होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, साडीवर पुरुषी स्वेटर. घरी न नेता त्यांनी मला सरळ वावरात (शेतात) नेलं. "चहा मंग. आधी हे पाह्य."

हरभरा घाट्यांवर आला होता. पण निम्म्या वावरात कुणी वेडावाकडा नांगर फिरवावा तशी माती उकरलेली, झाडं मुळं वर करून पडलेली. पलीकडे तुरीचे शेंडे रोह्यांनी (नीलगायींनी) खुडून नेले होते. वनरक्षक येऊन पंचनामा करून गेला होता. "त्यानं लिहिलं, म्या सही केली," ताई म्हणाल्या. "आता डुकराले कुठं वाचता येते?"

मी हसले आणि त्या नादात एका उकरलेल्या खड्ड्यात पाय घालून चिखलात सपशेल आडवी झाले. मला उठवताना ताईंना हसू आवरेना.

घरी गरम भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी त्यांच्या नवऱ्याचा फोटो. मी फोटोकडे पाहते आहे हे ताईंनी ओळखलं.

"पहाटे पाणी फिरवाले गेले होते. वाटेवरच्या एकाच्या वावरात डुकरासाठी तारीत करंट सोडला होता. डुक्कर मेलं नाई. हे मेले." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक वडा वाढला. "सारे म्हणे, वावर सोड, पोरीकडं जाऊन राह्य. म्या म्हटलं, डुकरानं वावर सोडलं नाई, मी काहून सोडू?"

जेवण आटोपत होतं तोच दारातून एका बाईची हाक आली. ती शेजारच्या देवरावची बायको, लता. तिला धाप लागली होती. "वहिनी, हे तार बांधून राहिले. संध्याकाळी पंपाच्या पेटीतून करंट सोडतो म्हणतात. माझं ऐकत नाईत."

ताईंनी हातही नीट धुतला नाही. कोपऱ्यातली पक्कड उचलली आणि चालू लागल्या. त्यांना गाठायला मला धावावं लागलं.

देवराव खुंटीला तार गुंडाळत होता. ताईंनी पहिली तार तोडली. मग दुसरी.

"वहिनी! वावर माझं हाय!"

"वावर तुझं गा, पण ही पायवाट साऱ्यांची हाय. उद्या पहाटे इथं कोण पडन? मी? का तुझी लता?"

"मंग काय करू?" देवरावचा आवाज फाटला. "दोनदा पेरलं, दोनदा खाल्लं त्याइनं. हातावर हात ठेवून बसू?"

"साऱ्याइनं मिळून जाळीचं कुंपण घालू म्हटलं, तवा तूच नाई म्हणाला."

भांडण कशाचं होतं ते मला तेव्हा कळलं. डुकरं नाल्यातून येत. जाळी नाल्याकाठानं, देवरावच्या हद्दीतून न्यावी लागणार होती आणि त्याची गाडीवाट नेमकी तिथूनच होती.

"जाळी लावल्यावर माझी बैलगाडी कुठून जाईन? आभायातून?"

ताईंनी गाडीवाटेकडे पाहिलं. मग आपल्या धुऱ्यावर (बांधावर) गेल्या आणि टाचेनं मातीत एक लांब रेघ ओढत आल्या.

"गाडी इथून ने. माह्या वावरातून. या बाजूच्या ओळी मी सोडतो."

"तुमचा हरभरा जाईन, वहिनी."

"डुकरं खातात तो काय माह्या पोटात जाते?"

देवराव धुऱ्यावर बसला. ताईंनी ओढलेल्या रेघेवरून त्यानं बोट फिरवलं. शेवटी म्हणाला, "लिहून द्याल?"

माझ्या वहीचं पान फाडून मीच लिहिलं. ताईंनी सही केली, देवरावनं केली, लतानं साक्षीदार म्हणून केली. मग देवराव उठला आणि उरलेली तार स्वतः सोडू लागला.

दुसऱ्या दिवसापासून गावातली माणसं खड्डे खणायला येऊ लागली. वर्गणीतून आधीच आणून ठेवलेल्या जाळीचं एक टोक मी धरलं आणि दोन्ही तळहात सोलून घेतले. तिसऱ्या सकाळी पाहिलं, तर डुकरं जाळीच्या कडेकडेनं चालत उघड्या राहिलेल्या कोपऱ्यातून आत शिरली होती. पुन्हा हरभरा उकरलेला. मला रडू आलं. ताईंनी सब्बल (पहार) खांद्यावर टाकली. "चाल. रस्ता दाखवला त्याइनं. आज तोच बुजवू."

त्याच संध्याकाळी मी निघाले. बसमध्ये वाटत राहिलं, जनावर वाचवावं की माणूस, यावर आपण लांब बसून किती सहज वाद घालतो. ताईंना डुकराला मारायचं नव्हतं आणि त्याच्यापुढे हारही मानायची नव्हती. त्यासाठी त्यांनी शेजाऱ्याला आपली जमीन दिली.

पंधरा दिवसांनी सांगलीला त्यांचा फोन आला. जाळी पुरी झाली होती.

"मग आता काय पेरताय?" मी विचारलं.

"भुईमूग." डुकरांच्या धास्तीनं त्या शिवारात कित्येक वर्षं कुणी भुईमूग लावला नव्हता. "अन् पह्यली ओळ जाळीले लागून," ताई म्हणाल्या. "बाहेरून वास घेऊ दे त्याइले."